पाउल गेरहार्ट

पाउल गेरहार्ट (जन्म : १२ मार्च १६०७, ग्रेफेनहाइनिशेन, मृत्यू : २७ मे १६७६, ल्युबेन) हे सतराव्या शतकातील जर्मन लुथरपंथीय पाळक आणि ख्रिस्ती गीतकार होते. जर्मन भाषेतील भक्तिगीतांच्या परंपरेत मार्टिन लुथर यांच्यानंतर त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या सुमारे १४० रचना उपलब्ध असून त्यांपैकी अनेक आजही जर्मनीतील प्रार्थनामंदिरांत गायिल्या जातात. लुथरपंथाच्या इतिहासात ज्या कालखंडाला कठोर मतनिष्ठेचा काळ म्हटले जाते, त्या काळाचे ते प्रतिनिधी होत. धर्ममताच्या प्रश्नावर ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने मागितलेल्या लेखी हमीवर त्यांनी सही केली नाही आणि त्यापायी बर्लिनमधील पाळकाचे पद गमावले. या लेखातील तारखा त्या काळी प्रॉटेस्टंट जर्मनीत चालू असलेल्या जुन्या कालगणनेनुसार दिल्या आहेत.

धार्मिक पार्श्वभूमी

लुथर यांचा मृत्यू १५४६ मध्ये झाला. त्यानंतर त्यांच्या अनुयायांतच तीव्र मतभेद उत्पन्न झाले. ते मिटविण्यासाठी १५७७ मध्ये ‘एकवाक्यतेचे सूत्र’ या नावाने ओळखला जाणारा मतलेख तयार झाला आणि १५८० मध्ये तो इतर लुथरपंथीय मतलेखांसह ‘एकवाक्यतेचा ग्रंथ’ म्हणून प्रसिद्ध झाला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे या ग्रंथातील प्रत्येक विधानाचे विवरण, समर्थन आणि रक्षण करण्यात लुथरपंथीय विद्यापीठांची शक्ती खर्च झाली. येना येथील योहान गेरहार्ड यांचा १६१० ते १६२२ या काळात प्रसिद्ध झालेला नऊ खंडांचा धर्मशास्त्रीय ग्रंथ हे या परंपरेचे शिखर मानतात. (नामसाम्य असले तरी योहान गेरहार्ड आणि पाउल गेरहार्ट यांचे नाते नव्हते.) विटेनबर्ग येथे पुढे आब्राहाम कालोव यांनी हीच परंपरा अधिक आक्रमकपणे चालविली.

या मतनिष्ठेचा मुख्य प्रतिपक्ष रोमन कॅथलिक पंथ होताच. परंतु जवळचा आणि म्हणून अधिक बोचणारा प्रतिपक्ष होता कॅल्विन यांच्या शिकवणीवर उभा असलेला ‘सुधारित’ पंथ. दोन्ही पंथ प्रॉटेस्टंट असले तरी प्रभुभोजनाच्या अर्थाविषयी त्यांच्यात मूलभूत मतभेद होता. प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते आणि घेणाऱ्याच्या मुखात ते प्रत्यक्ष जाते, असे लुथरपंथीय मानीत. सुधारित पंथाच्या मते ही भेट आत्मिक असून ती श्रद्धेद्वारे घडते. ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या दैवी व मानवी स्वरूपांचा परस्परसंबंध आणि तारणासाठी ईश्वराने केलेली पूर्वनिवड या विषयांवरही वाद होता. आजच्या वाचकाला हे भेद सूक्ष्म वाटतील. त्या काळच्या सश्रद्ध माणसाला मात्र मृत्युशय्येवर पाळकाकडून मिळणारा घास नेमका काय आहे, असाच हा प्रश्न होता.

बालपण व शिक्षण

ग्रेफेनहाइनिशेन हे हाले आणि विटेनबर्ग यांच्या दरम्यानचे सॅक्सनीतील एक लहान गाव. गेरहार्ट यांचे वडील क्रिस्टियान हे तेथे खानावळ चालवीत, शेती पाहत आणि गावाच्या नगराध्यक्षांपैकी एक होते. आई डोरोथेआ या पाळकांच्या घराण्यातून आल्या होत्या. पाउल अकरा वर्षांचे असताना, १६१८ मध्ये, तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले. १६१९ मध्ये वडील आणि १६२१ मध्ये आई वारली. वयाच्या चौदाव्या वर्षी ते पोरके झाले.

१६२२ च्या एप्रिलमध्ये ग्रिमा येथील सरकारी निवासी शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी बंद पडलेल्या मठांच्या जागी ज्या तीन प्रसिद्ध शाळा चालविल्या होत्या, त्यांपैकी ही एक होती. येथे लॅटिन भाषा, पद्यरचना आणि धर्ममताचे पाठांतर यांवर भर असे. शिस्त कडक, दिनक्रम ठरलेला आणि प्रार्थना वारंवार. याच शाळेत पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्या मनावर लुथरपंथीय मतलेखांचे संस्कार झाले आणि ते अखेरपर्यंत पुसले गेले नाहीत.

२ जानेवारी १६२८ रोजी त्यांनी विटेनबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांत नाव घातले. लुथर यांची कर्मभूमी असलेले हे विद्यापीठ मतनिष्ठेचा बालेकिल्ला समजले जाई. येथील अध्यापकांपैकी पाउल र‍्योबर यांचे नाव महत्त्वाचे. प्रवचनात गीतांचा उपयोग कसा करावा हे त्यांच्यापासून शिकता येण्याजोगे होते. काव्यशास्त्र शिकविणारे आउगुस्ट बुखनर यांनी मार्टिन ओपिट्स यांच्या नव्या छंदविषयक विचारांचा पुरस्कार केला होता. जर्मन पद्यात शब्दाचा स्वाभाविक आघात आणि छंदाचा आघात एकाच ठिकाणी पडला पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा. गेरहार्ट यांच्या गीतांतील सहज लय या शिकवणुकीचे फळ आहे.

युद्धामुळे पाळकाची जागा मिळणे दुरापास्त होते. शिक्षण संपल्यावरही ते विटेनबर्गमध्ये खासगी शिकवणी करून राहिले. एप्रिल १६३७ मध्ये स्वीडिश सैनिकांनी ग्रेफेनहाइनिशेन जाळले. त्यात त्यांचे वडिलोपार्जित घर नष्ट झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थोरला भाऊ क्रिस्टियान प्लेगने मरण पावला.

बर्लिन : शिक्षक आणि गीतकार

१६४३ च्या सुमारास गेरहार्ट बर्लिनला आले. तेव्हाचे बर्लिन युद्धाने आणि रोगराईने खचलेले, लहानसे शहर होते. उच्च न्यायालयातील वकील आंद्रेआस बेर्थोल्ट यांच्या घरी ते मुलांना शिकवू लागले. वय छत्तिशीच्या पुढे गेलेले, शिक्षण पूर्ण, पण हातात ना पद ना स्वतःचे घर, अशा अवस्थेत त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलद्रूप काळ सुरू झाला.

बर्लिनच्या सेंट निकोलाय या सर्वांत जुन्या चर्चमध्ये योहान क्र्युगर हे गायनप्रमुख होते. क्र्युगर स्वतः उत्तम संगीतकार. त्यांच्या चाली साध्या, भारदस्त आणि सामान्य माणसाच्या गळ्याला पेलणाऱ्या असत. त्यांनी ‘प्राक्सिस पिएटाटिस मेलिका’ (अर्थ : गायनाद्वारे भक्तीची साधना) हा गीतसंग्रह संपादित केला. त्याच्या १६४७ च्या आवृत्तीत गेरहार्ट यांची १८ गीते आली आणि १६५३ च्या आवृत्तीत ही संख्या ८२ वर गेली. हा संग्रह चर्चपुरता नव्हता. घरात, कुटुंबाच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत गाण्यासाठी तो मुख्यतः सिद्ध केलेला होता. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे गेरहार्ट यांच्या गीतांतील घरगुती जिव्हाळा कोठून आला ते कळते. झोपण्यापूर्वीचे गीत, सकाळचे गीत, प्रवासाचे गीत, उन्हाळ्यातील बागेचे गीत असे त्यांचे विषय आहेत.

१६४८ मध्ये वेस्टफालियाच्या तहाने तीस वर्षांचे युद्ध संपले. त्या निमित्ताने गेरहार्ट यांनी लिहिलेल्या शांतिगीतात आनंदाबरोबरच ओसाड शेते, उद्ध्वस्त नगरे आणि थडग्यांनी भरलेली भूमी यांचे वर्णन आहे. इतक्या संहारानंतरही लोकांची मने पालटली नाहीत तर काय, ही चिंता त्यात उमटलेली दिसते. विजयाचा लवलेश त्यात नाही.

मिटेनवाल्डे

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, १६५१ मध्ये, गेरहार्ट यांना पहिले पद मिळाले. बर्लिनच्या दक्षिणेस असलेल्या मिटेनवाल्डे या गावी प्रमुख पाळक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८ नोव्हेंबर १६५१ रोजी सेंट निकोलाय चर्चमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. या प्रसंगी त्यांनी लुथरपंथीय मतलेखांशी, त्यात ‘एकवाक्यतेचे सूत्र’ही आले, आजन्म एकनिष्ठ राहण्याची प्रतिज्ञा केली. पुढील सर्व घटनांचे मूळ या प्रतिज्ञेत आहे.

११ फेब्रुवारी १६५५ रोजी त्यांचा विवाह बेर्थोल्ट यांची कन्या आन्ना मारिया हिच्याशी झाला. वर १६०७ चा, वधू १६२२ ची. १६५६ मध्ये पहिली मुलगी मारिया एलिझाबेथ जन्मली आणि काही महिन्यांतच, जानेवारी १६५७ मध्ये, वारली. तिच्या स्मरणार्थ आईवडिलांनी लावलेली फलकरूपी नोंद मिटेनवाल्डेच्या चर्चमध्ये आहे. या दांपत्याला एकूण पाच अपत्ये झाली. त्यांपैकी १६६२ मध्ये जन्मलेला पाउल फ्रीडरिख एवढाच जगला.

१६५७ मध्ये बर्लिनच्या नगरपालिकेने त्यांना सेंट निकोलाय चर्चमध्ये डीकन, म्हणजे साहाय्यक पाळक, म्हणून बोलाविले. ज्या चर्चमध्ये क्र्युगर त्यांच्या गीतांना चाली लावीत होते, तेथेच आता ते प्रवचन करू लागले.

राज्यकर्ता आणि पाळक

ब्रांडेनबुर्गचे राज्यकर्ते होहेन्झोलर्न घराण्यातील होते. जर्मन सम्राटाच्या निवडणुकीत मताधिकार असल्यामुळे त्यांना इलेक्टर म्हणत. १६१३ मध्ये इलेक्टर योहान सिगिस्मुंड यांनी लुथरपंथ सोडून सुधारित पंथ स्वीकारला. त्यांनी प्रजेवर पंथांतराची सक्ती केली नाही. प्रजा लुथरपंथीयच राहिली. दरबार एका पंथाचा आणि रयत दुसऱ्या पंथाची, अशी ही विषम स्थिती होती. पाळक व्यासपीठावरून सुधारित पंथाला पाखंडी म्हणत, तेव्हा तो शब्द नकळत राजघराण्यालाच लागत असे.

इलेक्टर फ्रीडरिख विल्हेल्म १६४० मध्ये गादीवर आले. इतिहासात ते ‘महान इलेक्टर’ म्हणून ओळखले जातात. उद्ध्वस्त राज्य पुन्हा उभारण्यासाठी त्यांना हॉलंडसारख्या सुधारितपंथीय देशांशी मैत्री, बाहेरून येणारे वसाहतकरी आणि अंतर्गत शांतता हवी होती. त्यांची पहिली पत्नी लुईझ हेन्रिएट ऑरेंज घराण्यातील होती. पंथांनी एकमेकांची निंदा थांबवावी, हे त्यांचे धोरण राजकीय होते तसेच मनःपूर्वकही होते. सहिष्णुतेची ही भूमिका आजच्या वाचकाला आपोआप पटते. मात्र ती राज्याच्या हुकमाने, पाळकाच्या सहीसह अमलात आणण्याचा मार्ग त्यांनी पत्करला आणि तेथे पेच पडला.

२ जून १६६२ च्या आज्ञापत्राने पाळकांना परस्परनिंदा करण्यास मनाई झाली. त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गच्या विद्यार्थ्यांना विटेनबर्ग येथे धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान शिकण्यास बंदी करण्यात आली. गेरहार्ट यांच्या स्वतःच्या विद्यापीठालाच हा दोष लागला. मग सप्टेंबर १६६२ मध्ये इलेक्टरांनी बर्लिन व शेजारच्या क्यॉल्न या जोडशहरातील दोन्ही पंथांच्या पाळकांची चर्चापरिषद बोलाविली. तिचे अध्यक्षपद मंत्री ओटो फोन श्वेरीन यांच्याकडे होते. सुधारित पंथाच्या बाजूने दरबारी उपदेशक बार्टोलोमेउस श्टोश हे प्रमुख होते. परिषदेपुढील मूळ प्रश्न असा होता की, सुधारित पंथाच्या अधिकृत मतलेखांत असे काही शिकविले आहे काय, की जे शिकविल्याने वा मानल्याने मनुष्य ईश्वराच्या न्यायात दोषी ठरेल. प्रश्न हुशारीने घातलेला होता. ‘नाही’ म्हणावे तर वाद निरर्थक ठरतो. ‘होय’ म्हणावे तर राज्यकर्त्याला नरकाची वाट दाखविल्यासारखे होते.

परिषद मे १६६३ पर्यंत चालली आणि निष्पत्तीवाचून संपली. गेरहार्ट यांनी तोंडी चर्चेत फारसा भाग घेतला नाही; परंतु बर्लिनच्या लुथरपंथीय पाळकांतर्फे सादर झालेली बरीच लेखी निवेदने त्यांनीच तयार केली होती. ती काटेकोर, तर्कशुद्ध आणि ठाम आहेत. गीतांतला मृदू स्वर त्यांत शोधूनही सापडत नाही. सुधारित पंथात ख्रिस्ती माणसे आहेत हे आपण मान्य करतो, पण त्या पंथाचे अनुयायी म्हणून त्यांना आपले धर्मबंधू मानू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे काही चरित्रकार हा भाग घाईने ओलांडतात. तसे करणे योग्य नाही. गीतकार गेरहार्ट आणि वादपटू गेरहार्ट हे एकच गृहस्थ होते.

१६ सप्टेंबर १६६४ रोजी दुसरे, अधिक कडक आज्ञापत्र निघाले. प्रतिपक्षाला निंदाव्यंजक नावे ठेवू नयेत. त्यांच्या शिकवणीतून त्यांना मान्य नसलेले निष्कर्ष काढून ते त्यांच्या माथी मारू नयेत. पालकांनी इच्छा दर्शविल्यास बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला हाकलण्याचा जुना विधी वगळावा, अशी कलमे त्यात होती. हे पाळण्याची लेखी हमी प्रत्येक पाळकाने द्यावयाची होती. बर्लिनच्या पाळकांनी विटेनबर्गसह राज्याबाहेरील विद्यापीठांची मते मागविली, त्यामुळे इलेक्टर अधिकच संतापले. एप्रिल १६६५ मध्ये वृद्ध प्रमुख पाळक गेऑर्ग लिलिउस आणि एलिआस सिगिस्मुंड राइनहार्ट यांना सही नाकारल्यावरून पदच्युत करण्यात आले. लिलिउस यांनी पुढे सही केली. राइनहार्ट बर्लिन सोडून लाइपझिगला गेले.

गेरहार्ट यांची पाळी फेब्रुवारी १६६६ मध्ये आली. धर्मविषयक मंडळाने त्यांना बोलावून विचार करण्यासाठी आठ दिवसांची मुदत देऊ केली. आपण पुरेसा विचार केला आहे आणि निर्णय पालटणार नाही, असे त्यांनी तेथल्या तेथे सांगितले. १३ फेब्रुवारी १६६६ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. सहकाऱ्यांनीही सही करू नये, असे ते आजारपणातही आग्रहाने सांगत होते.

यानंतर जे घडले ते त्या काळच्या मानाने असाधारण होते. बर्लिनचे नागरिक, कापड विणणारे, पाववाले, खाटीक, शिंपी आदींचे कारागीर संघ, पाठोपाठ नगरपालिका आणि शेवटी ब्रांडेनबुर्गच्या सरदार-जमीनदारांची सभा, सर्वांनी गेरहार्ट यांच्यासाठी अर्ज केले. गेरहार्ट यांनी व्यासपीठावरून कधीही सुधारित पंथाविरुद्ध अपशब्द काढलेला नाही, त्यांचे वर्तन निष्कलंक आहे आणि त्यांची गीते तर खुद्द राज्याच्या गीतसंग्रहात घेतली आहेत, असा युक्तिवाद अर्जांत होता. म्हणजे आज्ञापत्राने जे वर्तन मागितले होते, ते गेरहार्ट आधीपासूनच करीत होते. अडचण वर्तनाची नव्हती, सहीची होती. मतलेखांतील काही विधाने प्रतिपक्षाला स्पष्ट शब्दांत दोषी ठरवितात. आज्ञापत्रावर सही करणे म्हणजे दीक्षेच्या वेळी ज्यावर हात ठेवला त्या मतलेखाचा एक भाग राज्यकर्त्याच्या इच्छेने बाजूला ठेवणे, असा त्यांनी अर्थ लावला होता.

इलेक्टर अखेर नमले. गेरहार्ट यांना आज्ञापत्राचा हेतू नीट समजला नसावा, अशी सबब पुढे करून ९ जानेवारी १६६७ रोजी सही न घेताच त्यांना पुन्हा पदावर घेतल्याचे जाहीर झाले. प्रकरण येथे मिटावयास हवे होते. परंतु हा निर्णय कळविणाऱ्या अधिकाऱ्याने तोंडी निरोप जोडला : सही केली नसली तरी ते आज्ञापत्रानुसारच वागतील, असा इलेक्टरांना भरवसा आहे. एवढ्या एका वाक्याने गेरहार्ट अस्वस्थ झाले. न केलेली सही मनाने केल्यासारखीच ही अपेक्षा होती. त्यांनी नगरपालिकेला कळविले की, आपले सर्व मतलेख, विशेषतः ‘एकवाक्यतेचे सूत्र’, पूर्वीप्रमाणे मानण्याची व त्यानुसार मंडळीला शिकविण्याची मोकळीक नसेल, तर दुखावलेली सदसद्विवेकबुद्धी घेऊन आपल्याला व्यासपीठावर चढता येणार नाही. त्यावर इलेक्टरांनी, मेहेरबानीने परत दिलेले पद त्यांना नको असेल तर नगरपालिकेने दुसरा शांतताप्रिय पाळक शोधावा, असा आदेश दिला.

या निर्णयाविषयी दोन्ही प्रकारची मते पूर्वीपासून व्यक्त झाली आहेत. कोणी यात हटवाद पाहतात, तर कोणी निष्ठेची परिसीमा. निर्णयाची किंमत मात्र स्पष्ट होती. साठीच्या उंबरठ्यावर असलेला, आजारी पत्नी आणि लहान मूल घरी असलेला मनुष्य, कोणीही सही मागत नसताना, केवळ गृहीत धरले जाणे नको म्हणून उपजीविका सोडतो. याच वादळात क्यॉल्नचे प्रमुख पाळक आंद्रेआस फ्रोम यांनी आरंभी इलेक्टरांशी जुळवून घेतले, मग माघार घेतली आणि शेवटी १६६८ मध्ये ते कॅथलिक झाले. मधली वाट धरणाऱ्यांनाही ती वाट सोपी गेली नाही, हे यावरून दिसते.

एका आख्यायिकेची येथे दखल घेणे आवश्यक आहे. बर्लिनमधून हद्दपार झालेले गेरहार्ट पत्नीसह पायी जात असता, वाटेवरील खाणावळीत रडणाऱ्या पत्नीच्या सांत्वनासाठी त्यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध सांत्वनगीत रचले, अशी कथा एकोणिसाव्या शतकापर्यंत पुस्तकांतून छापली जात होती. ती खरी नाही. ते गीत १६५३ च्या संग्रहातच छापले गेले होते. शिवाय गेरहार्ट यांना हद्दपार केलेले नव्हते आणि पत्नीचे निधन बर्लिनमध्येच झाले.

ल्युबेन

पद सुटल्यावरही गेरहार्ट बर्लिनमध्येच राहिले. ५ मार्च १६६८ रोजी पत्नी आन्ना मारिया वारली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. पुढे पत्नीच्या विधवा बहिणीने घर सांभाळले.

१६६८ च्या शरद ऋतूत श्प्रे नदीच्या पाणथळ प्रदेशातील ल्युबेन गावाने त्यांना परीक्षेचे प्रवचन देण्यासाठी बोलाविले. हा मुलूख ब्रांडेनबुर्गच्या नव्हे, तर सॅक्सनीच्या राजघराण्यातील एका शाखेच्या सत्तेखाली होता. तेथे इलेक्टरांची आज्ञापत्रे लागू नव्हती. नेमणूक झाली, पण पाळकाचे निवासस्थान राहण्याजोगे नव्हते. त्याच्या दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार करीत त्यांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. जून १६६९ मध्ये ते तेथे रुजू झाले. ल्युबेनमधील सात वर्षांत त्यांच्या हातून नवी गीतरचना जवळजवळ झाली नाही.

मृत्यूपूर्वी त्यांनी चौदा वर्षांच्या मुलासाठी उपदेशपर मृत्युपत्र लिहिले. मुलाने धर्मशास्त्र शिकावे, पण निर्दोष मताच्या विद्यापीठातच शिकावे. वेगवेगळ्या पंथांची मते एकत्र कालवणाऱ्यांपासून त्याने दूर राहावे, कारण ते ऐहिक लाभामागे असतात आणि ईश्वराशी वा माणसांशी प्रामाणिक नसतात, असे त्यात बजावले आहे. अन्य उपदेश साधे आहेत : लोभ धरू नये, राग आवरावा, दिलेले वचन पाळावे. २७ मे १६७६ रोजी गेरहार्ट यांचे निधन झाले. त्यांचे दफन ल्युबेनच्या चर्चमध्ये करण्यात आले. तेथील त्यांच्या चित्राखाली लॅटिन भाषेत, सैतानाच्या चाळणीत चाळला गेलेला धर्मशास्त्री, अशा अर्थाचा मजकूर आहे. येशूने पेत्राला दिलेल्या इशाऱ्याचा संदर्भ त्यामागे आहे.

गीतांचे स्वरूप

क्र्युगर १६६२ मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले योहान गेऑर्ग एबेलिंग यांनी १६६६–६७ मध्ये, म्हणजे गेरहार्ट पदच्युत असतानाच्या काळात, त्यांची १२० गीते स्वतःच्या चालींसह बारा-बारा गीतांच्या दहा भागांत प्रसिद्ध केली.

लुथर यांच्या गीतांत बहुधा मंडळी बोलते. तेथे ‘आम्ही’ हे सर्वनाम महत्त्वाचे. गेरहार्ट यांच्या गीतांत एकटा माणूस बोलतो. तो गोठ्यातील बाळाजवळ उभा राहतो, वधस्तंभावरील जखमी मुखाकडे पाहतो, स्वतःच्या मनाला ऊठ म्हणून सांगतो. लुथर यांच्या काळातील रणदुंदुभी येथे शांत झालेली असते. तरीही हे ‘मी’पण केवळ भावुक नाही. गीतांच्या तळाशी मतलेखांतील सिद्धांत पक्के बसलेले आहेत. किंबहुना ईश्वराची कृपा बाहेरून, निश्चितपणे मिळते हा सिद्धांत पक्का असल्यामुळेच त्यांच्या दुःखी माणसाला धीर धरता येतो. मतनिष्ठा म्हणजे कोरडेपणा, असे समीकरण इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार मांडले जाते. गेरहार्ट यांच्यापुढे ते टिकत नाही.

वर उल्लेखिलेल्या सांत्वनगीताची बारा कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्याच्या आरंभीचे शब्द ओळीने वाचले असता स्तोत्रसंहितेतील सदतिसाव्या स्तोत्राचे पाचवे वचन तयार होते. रचनेचे हे कसब असूनही गाणाऱ्याला ते जाणवत नाही. दुःखसहनाच्या सप्ताहात गायिले जाणारे, ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटधारी मस्तकाला उद्देशून लिहिलेले गीत १६५६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एका मध्ययुगीन लॅटिन काव्यावर आधारलेले आहे. हे काव्य पूर्वी क्लेरव्होच्या बर्नार्ड यांचे मानत. आता ते ल्यूव्हेनच्या आर्नुल्फ यांचे मानले जाते. कडव्या लुथरपंथीयाने कॅथलिक भिक्षूचे काव्य इतक्या आपुलकीने जर्मन भाषेत आणावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याची चाल तर हान्स लेओ हासलर यांच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची. योहान आर्न्ट यांच्या प्रार्थनापुस्तकाच्या आधारेही गेरहार्ट यांनी काही गीते रचली.

प्रभाव

गेरहार्ट यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १६७५ मध्ये, फिलिप याकोब श्पेनर यांचे सुधारणाविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि भक्तिवादी चळवळ सुरू झाली. या चळवळीने मतनिष्ठेच्या काळावर कठोर टीका केली, पण गेरहार्ट यांची गीते मात्र आपलीशी केली. योहान सेबास्टियान बाख यांनी ‘मत्तयकृत दुःखसहन’ या रचनेत काटेरी मुकुटाच्या गीताची चाल पाच वेळा योजली असून तेथील शब्द गेरहार्ट यांचेच आहेत. १७३४ च्या ‘नाताळ ओरेटोरिओ’मध्ये ख्रिस्ताच्या आगमनाच्या स्वागतगीतासाठी बाख यांनी हीच दुःखसहनाची चाल वापरली, आणि तेथेही गेरहार्ट यांचे शब्द घेतले.

अठराव्या शतकातील बुद्धिवाद्यांना ही गीते बाळबोध वाटली. संध्याकाळच्या गीतात सारी अरण्ये आणि सारे जग झोपी गेल्याचे वर्णन आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस तेव्हा दिवस असतो, अशी थट्टा झाली. महान इलेक्टरांचे पणतू, प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा यांनी बर्लिनच्या नव्या गीतसंग्रहाच्या वादात ज्याला जे गावयाचे ते गाऊ द्यावे असा निर्णय दिला, आणि तो देताना याच गीताला मूर्खपणाचा नमुना म्हटले. इंग्रजीत जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात, तर कॅथरिन विंकवर्थ यांनी एकोणिसाव्या शतकात गेरहार्ट यांची गीते नेली. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असलेले धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर यांनी १६४३ नंतर तीनशे वर्षांनी, १९४३ मध्ये, ही गीते पाठ करून स्वतःला धीर दिल्याचे त्यांच्या पत्रांतून कळते.

ल्युबेनच्या ज्या चर्चमध्ये गेरहार्ट यांनी अखेरची सात वर्षे सेवा केली, त्याला विसाव्या शतकात त्यांचे नाव देण्यात आले. चर्चसमोर त्यांचा पुतळा आहे.